डिपेन्डन्सीचा वाली कोण? गावच्या वाचनालयापर्यंत पोचणारं पॅकेज कसं बांधावं

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या मराठी वाचनालयांसाठी मी एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो. पुस्तकांची सूची करणं, पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापणं आणि जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल असा करणं, एवढंच त्याचं काम. कोड पायथॉन या भाषेत आहे. पण आम्ही लिहिलेला कोड म्हणजे एकूण सामानातला अगदी लहान वाटा. अक्षरं ओळखतं ते टेसेरॅक्ट, तिरकं स्कॅन सरळ करतं ते ओपनसीव्ही, लेबलाचं चित्र काढतं ते पिलो, खिडक्या आणि बटणं येतात क्यूटीमधून. हे सगळं दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलंय आणि आपल्याला फुकट दिलंय. अशा दुसऱ्यांच्या सामानालाच डिपेन्डन्सी म्हणतात. ते ग्रंथपालाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत धडपणे पोचवणं ही आपली जबाबदारी, आणि ती कोड लिहिण्याइतकीच मोठी आहे असं मी मानतो.

आधी ते टेबल डोळ्यासमोर आणा. देवळाच्या बाजूची किंवा पंचायतीच्या माडीवरची खोली. एक डेस्कटॉप, एक प्रिंटर. ग्रंथपाल संध्याकाळी दोनेक तास येतात. जूनमध्ये विजा चमकायला लागल्या की राउटरची पिन काढून ठेवायची हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे पावसाळ्यात इंटरनेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. अॅडमिनचा पासवर्ड ज्याने मशीन बसवलं त्याच्याकडे, आणि तो माणूस आता दुबईला. अशा ठिकाणी "आधी पायथॉन घाला, मग पिप चालवा, मग टेसेरॅक्ट वेगळं उतरवून पाथमध्ये टाका" अशी सूचना लिहिणं म्हणजे सॉफ्टवेअर न देण्यासारखंच आहे.

म्हणून मी प्रत्येक डिपेन्डन्सीपुढे एकच प्रश्न लिहितो: उद्या हिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं, तर या मशीनवर ते बुजवणार कोण? उत्तरं तीनच संभवतात. ऑपरेटिंग सिस्टीम बुजवेल, आम्ही बुजवू, किंवा ती डिपेन्डन्सीच नको. चौथं उत्तर, म्हणजे "वापरणारा बघून घेईल", आमच्याकडे चालत नाही. पॅकेज कोणत्या प्रकारचं करायचं, आत काय भरायचं, बाहेर काय ठेवायचं, हे सगळं या उत्तरावरून ठरतं.

यादी करा, आणि न दिसणाऱ्या वस्तूही धरा

चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी होते, तशी बारीक यादी हवी. लागणाऱ्या पायथॉन पॅकेजांची नावं जिच्यात लिहितात त्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये चार नावं असतात, ती नुसती सुरुवात. त्या चौघांच्या स्वतःच्या डिपेन्डन्सी, पायथॉनच्या व्हीलच्या (तयार बांधलेल्या पॅकेजच्या) पोटात बसलेल्या, सी भाषेत लिहिलेल्या लायब्रऱ्या (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड), आपण बाहेरून बोलावतो ते प्रोग्राम, विंडोजवर लागणारा व्हिज्युअल सी-प्लस-प्लसचा रनटाइम, फॉन्ट, भाषेच्या डेटा फाइली, आणि ऑपरेटिंग सिस्टीमची किमान आवृत्ती हे सगळं त्यात येतं.

भाषेचा डेटा विसरणारे बरेच भेटतात. टेसेरॅक्टच्या मूळ पॅकेजबरोबर मराठी येईलच असं नाही. डेबियन या लिनक्सवर मराठीच्या डेटाचं पॅकेज वेगळं आहे. गोव्यात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पोर्तुगीज. १९६१ पूर्वीच्या छापील कागदांवर शिक्के, मथळे, छापखान्यांचे पत्ते पोर्तुगीजमध्ये असतात, म्हणून आम्ही मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी असे तिन्ही डेटा एकत्र वापरतो. त्यातही "फास्ट" आणि "बेस्ट" असे दोन संच मिळतात. पहिला आटोपशीर आणि वेगवान, दुसरा हळू पण जास्त अचूक. कुठला संच, कुठल्या दिवशी उतरवलेला, हेही यादीत लिहावं. डेटा बदलला की त्याच पानातून वेगळा मजकूर निघतो, आणि मग दोष कोडमध्ये शोधण्यात दिवस जातो.

आता एक प्रकार जवळून दाखवतो, कारण असली डिपेन्डन्सी यादीतून हमखास निसटते.

पेडण्याच्या एका वाचनालयातून फोन आला. तिथल्या ताईंच्या मुलाने आमचा कोड सोर्सवरून स्वतःच बसवला होता. "दादा, लेबल छापलं, पण इतिहासाची वेलांटी ह वर गेली." त्यांनी फोटो पाठवला. "इतिहास" मधली तची वेलांटी तच्या आधी यायच्या ऐवजी नंतर पडली होती, त्यामुळे ती हला चिकटल्यासारखी दिसत होती. "ग्रंथ" मधला ग पाय मोडून उभा, आणि र त्याच्या शेजारी सुटा. प्रोग्राम बंद पडला नव्हता, एररही आली नव्हती. लेबलं छापून, कापून तयार.

घडलं होतं ते असं. देवनागरी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी त, मग वेलांटी. पडद्यावर किंवा कागदावर मांडताना वेलांटी पुढे आणणं, जोडाक्षर जुळवणं हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पिलो तिच्यापर्यंत पोचतं ते रॅक्म नावाच्या लायब्ररीमधून. पिलोच्या व्हीलमध्ये रॅक्म असतं, पण ते प्रोग्राम चालू असताना फ्रीबिडी ही आणखी एक लायब्ररी सिस्टीममध्ये शोधतं. ती सापडली नाही तर पिलो मुकाट्याने साध्या मांडणीवर येतं, म्हणजे साठवलेल्या क्रमानेच अक्षरं एकापुढे एक ठेवतं. इंग्रजी लिहिणाऱ्याला फरक कधी कळणारही नाही. मराठीचं मात्र वाटोळं होतं.

अशा, चालू असताना शोधल्या जाणाऱ्या लायब्रऱ्या रिक्वायरमेंट्समध्ये दिसत नाहीत. प्रोग्राम आणि त्याचं सामान एकत्र बांधणारी पायइन्स्टॉलरसारखी साधनंही मुख्यतः कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळींच्या मागावर असतात, त्यामुळे त्यांच्याही नजरेतून त्या सुटू शकतात. त्या हाताने सांगाव्या लागतात. लिनक्सवर "एलडीडी" ही आज्ञा बांधून ठेवलेल्या लायब्रऱ्या दाखवते, पण चालू असताना उघडल्या जाणाऱ्या पकडायच्या तर "स्ट्रेस" चालवून प्रोग्राम कोणकोणत्या फाइली उघडायला बघतो ते पाहावं. लेबल छापण्यापासून स्कॅन वाचण्यापर्यंत प्रत्येक काम एकेकदा करून पाहायचं आणि नोंद घ्यायची. वेळ जातो, पण खरी यादी यातूनच मिळते.

शिवाय आम्ही प्रोग्राममध्येच तपासणी घातली. उघडल्याबरोबर तो पिलोला विचारतो, रॅक्म चालू आहे का? टेसेरॅक्टला विचारतो, मराठीचा डेटा आहे का? नसेल तर तेवढं बटण बंद राहतं आणि खाली मराठीत कारण दिसतं: "देवनागरी मांडणीची लायब्ररी सापडली नाही, लेबलं चुकीची छापली जातील." सूची करायचं काम मात्र चालूच राहतं. मुकाट्याने चुकीचं काम करणाऱ्या प्रोग्रामपेक्षा तोंडावर नाही म्हणणारा प्रोग्राम ग्रंथपालाला कितीतरी परवडतो.

सिस्टीमवर सोपवायचं की सोबत न्यायचं

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. वेबपी प्रकारची चित्रं उघडायला ती वापरतात. मुद्दाम बनवलेलं चित्र उघडलं की हल्लेखोराला आत शिरता येईल असा तो दोष. क्रोमपासून सगळे ब्राउझर तातडीने दुरुस्त झाले. पण ही लायब्ररी नुसत्या ब्राउझरमध्ये नसते, पिलोच्या व्हीलच्या पोटातही असते. पिलोवाल्यांनी सुधारलेली लिबवेबपी घालून १०.०.१ ही आवृत्ती काढली.

आता हाच दोष दोन मशीनवर बघा. डेबियनवर आमचा प्रोग्राम सिस्टीमचं पिलो वापरतो आणि ते सिस्टीमचीच लिबवेबपी वापरतं. तिथे नेहमीच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली आणि आम्हाला बोटही हलवावं लागलं नाही. विंडोजच्या आमच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र पिलो आम्ही भरलेलं, म्हणजे लिबवेबपीही आम्हीच भरलेली. आमच्या वाचनालयांत वेबपी चित्रं कोणी उघडत नाही, तरी ती लायब्ररी मशीनवर आम्ही ठेवलेली असते. नवा इन्स्टॉलर बांधणं, क्रमांक वाढवणं, वाचनालयांना कळवणं हे आमच्याच गळ्यात.

सोबत नेण्याची किंमत ती हीच. डेबियनच्या धोरणात दुसऱ्याच्या लायब्ररीची प्रत आपल्या पॅकेजमध्ये घुसडू नये असं सांगितलंय ते याच कारणाने: एक लायब्ररी वीस ठिकाणी कॉपी झाली तर भोकही वीस ठिकाणी बुजवावं लागतं. पण विंडोजवर ही लायब्ररी पुरवणारी, सांभाळणारी सिस्टीमच नाही. तिथे सोबत नेण्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा माझी विभागणी अशी. लिनक्सवर जे डिस्ट्रिब्यूशनमध्ये (डेबियनसारख्या तयार संचात) आहे ते तिथूनच घ्यायचं. विंडोजवर सगळं भरायचं, आणि भरलेल्या प्रत्येक वस्तूच्या घोषणांवर लक्ष ठेवायचं. आमच्यात प्रत्येक मोठ्या लायब्ररीपुढे एका माणसाचं नाव आहे. त्याने तिच्या नव्या आवृत्त्यांच्या सूचना घ्यायच्या. नाव मिळालं नाही तर ती लायब्ररी भरायची नाही. आमच्या कोडची एक ओळही न बदलता फक्त सोबतचं सामान बदललं, तरी आवृत्ती क्रमांक नवा द्यायचा, म्हणजे फोनवर "तुमच्याकडे कितवी आहे?" विचारलं की उत्तरात सगळं आलं.

कमी करा

यादी झाल्यावर अर्ध्या वस्तूंची गरज नाही हे कळतं. सीएसव्ही वाचण्यापुरतं पांडाज घातलं होतं, ते काढलं, पायथॉनचं स्वतःचं सीएसव्ही मॉड्यूल पुरतं. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, जी पायथॉनबरोबरच येते, वेगळा सर्व्हर नको. पीडीएफची पानं काढायला पॉपलर हा वेगळा प्रोग्राम लागायचा, त्याच्या जागी पीडीएफियमचं व्हील घेतलं. ते पिपनेच (पायथॉनची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने) येतं आणि त्याचा परवानाही मोकळा.

मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. कोड ११ ओळींचा. पण त्यावर दुसरी पॅकेजं, त्यांच्यावर तिसरी, असं करत जगभरचे बिल्ड (प्रोग्रामांची बांधणी) कोसळले. चार ओळींचं काम आपल्या हाताने लिहावं. अक्षरं ओळखणं, चित्रं वाचणं, सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन) असली कामं मात्र कधीच स्वतः लिहू नयेत.

आवृत्त्या बांधून ठेवा

इथे एक भेद पाळायचा. दुसऱ्यांनी वापरायची लायब्ररी काढत असाल तर आवृत्त्यांची अट सैल ठेवा, "अमुक किंवा त्यापुढची" एवढीच. घट्ट अट घातलीत तर ज्याला तुमची आणि आणखी कुणाची लायब्ररी एकत्र वापरायचीय त्याचा गळा आवळला जातो. ग्रंथपालाच्या हातात द्यायचा पूर्ण प्रोग्राम असेल तर उलट: प्रत्येक वस्तूची, खालच्या पातळीवरचीसुद्धा, नेमकी आवृत्ती लॉक फाइलमध्ये लिहा, आणि जोडीला तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा.

जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचं २.० आलं. आधीच्या नमपायवर बांधलेली कित्येक पॅकेजं त्याच्याबरोबर चालेनाशी झाली, कारण आतली रचनाच बदलली होती. ज्यांनी आवृत्ती बांधली नव्हती त्यांच्याकडे काल चालणारं आज मोडलं. लॉक फाइल असली की नवी आवृत्ती आपण ठरवू तेव्हा, तपासून, आत येते. लॉक करून विसरून जायचं मात्र नाही. लिबवेबपीचं उदाहरण वर दिलंच आहे. आम्ही ठराविक काळाने लॉक फाइल नव्याने बनवतो, सगळ्या चाचण्या चालवतो, आणि काय बदललं ते वाचून मगच स्वीकारतो.

हॅशचं महत्त्व मार्च २०२४ नंतर वेगळं सांगायला नको. एक्सझेड या फाइली दाबून साठवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचं (दूरच्या मशीनवर जाण्याचं) लॉगिन किंचित हळू वाटलं, त्याने पाठपुरावा केला म्हणून तो उजेडात आला. दरवाजा उघडणारी एक कळीची फाइल गिटमधल्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशनासाठी बनवलेल्या टारबॉलमध्ये (गठ्ठा-फाइलमध्ये) घातली होती. म्हणून हॅश जुळला म्हणजे फाइल चांगली असं होत नाही. आपण तपासली तीच फाइल आहे एवढंच कळतं. तेवढंही खूप आहे. आमचं स्वतःचं प्रकाशन आम्ही गिटच्या टॅगवरून (त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून), मोकळ्या मशीनवर, स्क्रिप्टने बांधतो. कुणाच्या लॅपटॉपवर हाताने बांधलेली फाइल बाहेर जात नाही.

लिनक्ससाठी

ग्रंथालयांच्या जगातच याचं उत्तम उदाहरण आहे, कोहा. न्यूझीलंडच्या होरोव्हेन्युआ ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर २००० च्या जानेवारीपासून वापरात आहे. पर्लच्या ढीगभर मॉड्यूलवर ते उभं आहे, शिवाय डेटाबेस, शोधयंत्र, वेब सर्व्हर. हे सगळं हाताने बसवणं म्हणजे दिव्य. म्हणून त्यांनी डेबियनचं पॅकेज हाच मुख्य मार्ग ठेवला: त्यांची रेपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडायची, एक पॅकेज मागायचं, बाकीचं सगळं ॲप्ट हे डेबियनचं साधन ओढून आणतं. मोठ्या ग्रंथालयाला कोहाच घ्या असं मी सांगतो. आमचं सॉफ्टवेअर एका खोलीच्या वाचनालयासाठी आहे, पण बसवण्याची रीत आम्ही तीच उचलली.

डेबियन पॅकेज करताना डिपेन्डन्सीच्या पायऱ्या नीट वापरा. ज्यावाचून प्रोग्राम उघडणारच नाही किंवा त्याचं मोठं काम अडेल ते "डिपेंड्स" मध्ये. ज्यावाचून मोठं काम अडणार नाही, पण जे बहुतेकांना सोबत हवंच असतं ते "रेकमेंड्स" मध्ये. ॲप्ट ते आपोआप आणतं, पण कुणाला नकोच असेल तर टाळता येतं. आमच्याकडे मराठीचा डेटा "डिपेंड्स" मध्ये आहे आणि पोर्तुगीजचा "रेकमेंड्स" मध्ये. क्वचित लागणारं ते "सजेस्ट्स" मध्ये.

जे डेबियनमध्ये नाही ते पिपने सिस्टीमच्या पायथॉनमध्ये कोंबू नका. डेबियन १२ पासून पिप तसं करायला नकार देतं, आणि तो नकार मोडणारा पर्याय सूचनांमध्ये लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे. त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पॅकेजांचा वेगळा कप्पा, आहे. ओपनसीव्ही पिपने घेणार असाल तर "हेडलेस" प्रकार घ्या. साध्या प्रकाराच्या पोटात स्वतःचं क्यूटी असतं, ते आपल्या क्यूटीशी भांडतं आणि खिडकीच उघडत नाही.

स्वतः बायनरी बांधत असाल तर चालवायचं आहे त्यातल्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर बांधा. जुन्या जीलिबसीवर (लिनक्सच्या पायाभूत सी लायब्ररीवर) बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही.

फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज या सामान सोबत नेणाऱ्या पॅकेज-प्रकारांबद्दल लोक विचारतात. दोन्ही चांगली आहेत, पण फ्लॅटपॅकचा रनटाइम शेकडो एमबींचा, आणि हॉटस्पॉटवर तो ओढणं आमच्या वाचनालयांना झेपत नाही. डॉकर सर्व्हरसाठी ठीक, ग्रंथपालाच्या टेबलावर त्याचं काम नाही.

विंडोजसाठी

आमची किमान अट विंडोज १०, चौसष्ट बिट. क्यूटी ६ त्याखाली चालत नाही, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८. जुनी मशीन्स असतील तिथे आम्ही डेबियन घालून देतो. आता विंडोज १० चाही मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तो पर्याय आणखी कामाला येईल.

पायइन्स्टॉलरने पायथॉनसकट सगळं एका फोल्डरमध्ये बांधायचं. एकच फाइल करण्याची सोयही आहे, पण ती प्रत्येक वेळी उघडताना सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडवते, म्हणून हळू उघडते, आणि अँटीव्हायरसला तिचा संशयही लवकर येतो. फोल्डर बरा. विंडोजचं बिल्ड विंडोजवरच करावं लागतं, लिनक्सवर बसून होत नाही. मग इनो सेटअपने त्याचा इन्स्टॉलर करायचा आणि त्यात परवानगी "किमान" ठेवायची. म्हणजे प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो, अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, आणि दुबईला फोन करावा लागत नाही.

टेसेरॅक्टची विंडोजवरची बांधणी जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचं ग्रंथालय करतं. एका ग्रंथालयाने केलेलं काम आपल्या गावच्या वाचनालयाला उपयोगी पडतं, याचा मला मनापासून आनंद आहे. आम्ही तीच बांधणी आमच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि डेटाचा रस्ता प्रोग्राममधूनच ठरवतो. सिस्टीमच्या पाथला (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीला) हात लावत नाही, नाहीतर कुणाकडे आधीच असलेलं टेसेरॅक्ट मोडतं.

पेनड्राइव्हवर पूर्ण संच

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सगळं असतंच. लिनक्ससाठी डेब फाइलींचा साठा एका फोल्डरमध्ये ठेवतो, आणि पिपची व्हील्स आधीच उतरवून दुसऱ्यात. बसवताना पिपला "नो-इंडेक्स" आणि "फाइंड-लिंक्स" हे पर्याय दिले की तो इंटरनेटकडे बघतसुद्धा नाही, त्या फोल्डरमधूनच घेतो. "रिक्वायर-हॅशेस" दिलं की लॉक फाइलशी न जुळणारी फाइल नाकारतो. एसएचए-२५६ हॅशची यादी आम्ही छापील कागदावर देतो, कारण पेनड्राइव्हवरची यादी फाइलीबरोबरच बदलली जाऊ शकते. अशी पेनड्राइव्ह वाळपईच्या कदंब बसमधून ओळखीच्या माणसाच्या हातून जाते आणि पोचल्या संध्याकाळी प्रोग्राम चालू होतो.

परवाने

सामान भरलं म्हणजे ते तुम्ही वाटलं, आणि वाटणाऱ्याला अटी लागू होतात. टेसेरॅक्ट अपाची २.० वर आहे: परवान्याची प्रत सोबत हवी. क्यूटी पायथॉनमधून वापरू देणारं पायसाइड एलजीपीएलवर: वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून घालता आली पाहिजे, म्हणूनही फोल्डरची बांधणी सोयीची. त्याच कामाचं पायक्यूटी जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर, हा फरक सुरुवातीलाच बघावा. जीपीएलचा प्रोग्राम बायनरी म्हणून दिलात तर त्याचा सोर्सही उपलब्ध करून द्यावा लागतो. फॉन्टला विसरू नका. नोटो देवनागरी ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, परवान्याची फाइल जोडून. आम्ही प्रत्येक बिल्डबरोबर सगळ्या घटकांची, आवृत्त्यांची आणि परवान्यांची यादी एसपीडीएक्स पद्धतीने काढतो. २०२१ पासून ती पद्धत आयएसओ प्रमाणही आहे. पुढचं भोक जाहीर झालं की "आपल्यात हे आहे का?" याचं उत्तर त्या यादीत शोधलं की मिळतं.

कोऱ्या मशीनवर तपासा

ज्या मशीनवर कोड लिहिला तिथली चाचणी धरायची नाही. तिथे सगळं आधीपासून असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरं विंडोज, कोरं डेबियन ठेवा, नेटवर्क बंद करा, आणि वापरणाऱ्याचं नाव देवनागरीत द्या, मध्ये एक जागा सोडून: "ग्राम वाचनालय". हे शेवटचं मुद्दाम. विंडोजवर ओपनसीव्हीचं चित्र वाचणारं फंक्शन देवनागरी असलेल्या रस्त्यावर अडखळतं आणि एरर न देता रिकामं उत्तर देतं. आम्ही फाइल पायथॉनने उघडून तिचे बाइट ओपनसीव्हीला देतो, मग रस्त्याचा प्रश्न येत नाही. त्या कोऱ्या मशीनवर एक पुस्तक नोंदवा, "इतिहास" आणि "ग्रंथ" हे शब्द असलेलं लेबल छापा, एक पान वाचून घ्या. मग जुनी आवृत्ती बसवून तीवर नवी चढवा आणि नोंदी जाग्यावर आहेत का बघा.

शेवटी अनइन्स्टॉल करून पाहा. प्रोग्राम आणि सूचीचा डेटाबेस वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असावेत. प्रोग्राम काढताना डेटाबेसला हात लावायचा नाही, आणि तो कुठे राहिला आहे ते पडद्यावर मराठीत सांगायचं. नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलणार असेल तर बदलाआधी तारखेसह प्रत काढून ठेवायची, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जावं लागलं तर ती प्रत उघडता येते. म्हणून जुना इन्स्टॉलर आम्ही टाकून देत नाही. मागच्या दोन आवृत्त्या त्याच पेनड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.